भस्माने पेशी मेल्या, पण कुठल्या आणि किती मात्रेत?

तासगावच्या ताईंचा प्रश्न असा: काकांना ब्लड कॅन्सर आहे, एका वैद्यांनी खनिज भस्माच्या पुड्या दिल्यात, सोबत ‘लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी मेल्या’ असा रिपोर्ट; केमो थांबवून हे सुरू करावं का?

ताई, रिपोर्ट खोटाच असेल असं नाही. पण प्लेटमधल्या पेशी साधं मीठ जास्त झालं तरी मरतात. या चाचणीत बहुधा पिवळा रंग घालतात, जिवंत पेशी तो जांभळा करतात आणि यंत्र तो जांभळेपणा मोजतं. न विरघळलेल्या भस्माच्या गढूळपणानेही ते रीडिंग बिघडतं. म्हणून रिपोर्टात आधी हे शोधा: निरोगी पेशींवर तेच भस्म तेवढंच घालून पाहिलं का? आणि पोटात घेतल्यावर तेवढी मात्रा रक्तात पोचते का?

खनिजातून कॅन्सरचं औषध निघतच नाही, असं मी म्हणणार नाही. सोमलाचं उदाहरण पाहा; सोमल म्हणजे आर्सेनिकचं एक संयुग, आर्सेनिक ट्रायऑक्साइड. चीनमधल्या हार्बिनला १९७०च्या दशकात झांग तिंगदोंग आणि सहकाऱ्यांनी औषधाच्या एका जुन्या पाठाची, म्हणजे मिश्रणाच्या कृतीची, परीक्षा केली. त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि बेडकाचं विष होतं. एकेक घटक वगळून पाहिल्यावर खरं काम सोमलाचं निघालं. तेही सगळ्या कॅन्सरवर नाही, मुख्यतः ॲक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारावर. या आजारात दोन जनुकं जोडली जाऊन एक विकृत प्रथिन तयार होतं, सोमल नेमकं तेच मोडतो. अमेरिकेत २००० साली त्याला मान्यता मिळाली. आज तो शिरेतून देतात, रोज किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, आणि हृदयाची लय बिघडू शकते म्हणून ईसीजीवर नजर ठेवून. पुडीत ही मोजणी कोण करणार? हाच आर्सेनिक वर्षानुवर्षं पाण्यातून पोटात गेला तर कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कॅन्सर होतो.

उलट सेलेनियम या खनिजाचं. प्रयोगशाळेत आशा वाटली, पण ३५ हजारांवर पुरुषांवरच्या चाचणीत प्रोस्टेट कॅन्सर कमी झाला नाही. २००८मध्ये गोळ्या थांबवल्या.

आणि हो, कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात १९५४च्या कायद्याने चालत नाही. पुडीवर तसं छापलं असेल तर तेवढ्यावरूनच काय ते समजा.

केमो थांबवू नका. पुडी घेऊन मिरजेला किंवा सांगलीला काकांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा. भस्म आधीच सुरू केलं असेल तर लपवू नका. ते किडनी, लिव्हर तपासतील, गरज वाटली तर रक्तातलं शिसं, पारा, आर्सेनिकही. काकांच्या बोनमॅरो रिपोर्टात ल्युकेमियाचा प्रकार काय लिहिलाय तेवढं इथे टाका, नाव झाकून.