डब्यावरच्या बाईच्या हातातला डबा

तुम्ही विचारलंय, लहानपणी खाण्याच्या डब्यावर किंवा पाकिटावर पाहिलेलं कोणतं चित्र अजून आठवतं आणि तेच का.

माझ्यासाठी उत्तर ठरलेलं आहे. ड्रोस्टे कोकोचा पत्र्याचा डबा. आतला कोको कधी संपला ते मला माहीत नाही, मी बघायला लागले तेव्हापासून त्यात बटणंच होती. डब्यावर पांढरी टोपी आणि पांढरा एप्रन घातलेली एक नर्स. तिच्या हातात ट्रे, ट्रेवर एक कप आणि त्याच कोकोचा डबा. त्या डब्यावर पुन्हा तीच नर्स, तिच्याही हातात ट्रे, आणि त्या ट्रेवरही डबा.

बाकीच्या पाकिटांवरची चित्रं एकदा बघितली की झालं. हसरं मूल, रसरशीत फळं, वाफाळता कप. आत काय आहे ते सांगितलं की त्यांचं काम संपतं. हे चित्र मात्र बघून संपतच नव्हतं. सहा-सात वर्षांची असेन. दुपारी सगळे झोपले की मी बटणं जमिनीवर ओतायचे आणि रिकामा डबा घेऊन खिडकीशी बसायचे. पहिल्या नर्सचा चेहरा, टोपीची घडी, सगळं स्पष्ट. दुसरी नखाएवढी, पण तिलाही नाकडोळे होते. तिसरी म्हणजे नुसता पांढरा एप्रन. चौथी दिसत नव्हती, पण ती तिथे आहे याची मला पक्की खात्री होती.

एक दिवस बाबांचं भिंग मागून घेतलं. भिंगाखाली तिसरी नर्स मोठी व्हायच्या ऐवजी नाहीशीच झाली. तिच्या जागी नुसते रंगीत ठिपके. रंगीत छपाईत असे बारीक ठिपके शेजारी शेजारी पडतात आणि लांबून त्यांचं चित्र होतं, हे आता माहीत आहे. तेव्हा मला रडू आलं. भिंग चांगलं नाहीये, अशी मी आईकडे तक्रार केली. ती म्हणाली, "भिंग चांगलंच आहे गं. चित्र काढणारा तिथवर येऊन थांबला."

ते मला अजिबात पटलं नाही. का थांबला? मग मीच काढायला बसले. हातात कागद धरलेली मी, त्या कागदावर हातात कागद धरलेली मी. दर वेळी पेन्सिलीला नवं टोक काढत होते. चौथ्या कागदावर टोक टेकवलं आणि एका ठिपक्यात तो आख्खा कागद भरून गेला.

पुढे भूमिती श्रेढी, म्हणजे प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या ठरावीक पट असलेली मालिका, शिकताना मला पहिल्यांदा हा डबाच आठवला. समजा, डबा १६ सेंमी उंच आहे आणि प्रत्येक आतला डबा बाहेरच्याच्या एक अष्टमांश. मग आतले डबे २ सेंमी, २.५ मिमी, ०.३ मिमी असे होत जातात. चौथा ०.०४ मिमी, केसाहून बारीक. असंच जात राहिलं तर दहावा डबा साधारण एका अणूएवढा होतो. त्यावर नर्स काढायची म्हटली तर शाईचा कण तरी कुठून आणणार? म्हणजे आईचं बरोबर होतं, कुठेतरी थांबावंच लागतं. पण गणिताला अणूची अडचण नाही. तिथे डबे अनंत आहेत, आणि ते सगळे एकावर एक रचले तरी उंची १८.३ सेंमीच्या आतच राहते. हे उत्तर आलं तेव्हा मी ते तीनदा तपासलं.

तो डबा पहिल्यांदा १९०४ मध्ये आला, नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या कंपनीचा. चित्रात तेच चित्र असलं की त्याला आज 'ड्रोस्टे इफेक्ट' म्हणतात, ते या डब्यावरूनच. युक्ती मात्र फार जुनी आहे. इटालियन चित्रकार जॉत्तोने १३२० च्या सुमारास रंगवलेल्या तीन फळ्यांच्या चित्रात एक कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचा वरिष्ठ धर्मगुरू, गुडघे टेकून तेच तीन फळ्यांचं चित्र अर्पण करतोय. 'लाफिंग काऊ' चीजच्या गोल डब्यावरच्या लाल गाईच्या कानातले डूलही नीट बघा, ते त्याच चीजचे डबे आहेत. हा गाईचा डबा लहानपणी माझ्या हाती लागला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि मग डच चित्रकार एशर. १९५६ च्या त्याच्या 'प्रिंट गॅलरी'त एक तरुण चित्रदालनात उभा राहून चित्र बघतोय. चित्रात बंदर, बंदराकाठी गाव, गावात एक इमारत, आणि त्या इमारतीत हेच दालन नि हाच तरुण. सगळं चित्र भोवऱ्यासारखं पिळत मध्याकडे जातं, आणि मध्यभागी एशरने एक पांढरा गोल रिकामा सोडून तिथे सही केलीय. तोही थांबला होता! नेदरलँड्समधल्या लायडनचे गणिती हेंड्रिक लेन्स्ट्रा आणि बार्ट डी स्मिट यांनी त्या रिकाम्या जागेत काय असायला हवं ते गणिताने शोधलं आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. तिथे तेच चित्र हवं, सुमारे २२.५८ पट लहान आणि १५७.६ अंशांनी फिरलेलं, त्याच्या आत पुन्हा तेच, आणि असंच पुढे. ते वाचलं त्या रात्री मी आईला फोन केला. काढणारा जिथे थांबला, तिथून कुणीतरी पुढे गेलंय, हे तिला सांगायचं होतं.

डबा आता माझ्याकडे आहे. झाकणाची कड गंजलीय, बटणं तीच आहेत. मागच्या महिन्यात माझ्या मुलीने त्याचा फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा करत गेली. तिसऱ्या नर्सपाशी नुसते चौकोन दिसायला लागले.

"आई," ती म्हणाली, "हा फोन चांगला नाहीये."