उचल घेऊन गाडीवर लागावे का?

प्रश्न : माझे वय २६ असून मी सोलापुरात अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्यात सात वर्षे काम केले. नुकताच जड मालवाहतुकीचा परवाना मिळाला आहे. यापूर्वी वर्षभर छोटा टेम्पो चालवला. घरी आई, पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी असून घरखर्च महिन्याला १४,००० रुपये आहे. बँकेत ९०,००० रुपये शिल्लक आहेत. पत्नीचे दागिने पतसंस्थेत तारण असून त्यावर ६०,००० रुपयांचे कर्ज वार्षिक १२ टक्क्यांनी चालू आहे. मला दोन ठिकाणी काम मिळत आहे. ओळखीच्या एका मालकाच्या चार गाड्या मार्केट यार्डातून कांदा घेऊन हैदराबादला जातात. ते १८,००० रुपये पगार आणि दर खेपेला १,५०० रुपये भत्ता देतील. महिन्याला सहा खेपा होतात, असे ते सांगतात. शिवाय ७५,००० रुपये बिनव्याजी उचल देतील आणि ती महिन्याला ५,००० रुपयांप्रमाणे कापून घेतील. मूळ परवाना त्यांच्याकडे ठेवावा लागेल आणि डिझेलचे अ‍ॅव्हरेज कमी पडले तर फरक माझ्याकडून घेतला जाईल. दुसरीकडे एक मोठी वाहतूक कंपनी १९,५०० रुपये एकूण पगार (मूळ वेतन १५,०००), भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि घराबाहेरच्या दिवसाला २५० रुपये भत्ता देते. पहिले दोन महिने जुन्या चालकाबरोबर १२,००० रुपये विद्यावेतनावर काढावे लागतील, त्या काळात जेवणखर्च कंपनीचा. मात्र १८ महिन्यांच्या आत काम सोडल्यास ४०,००० रुपये भरण्याचा करार आहे. उचल घेऊन दागिने सोडवावेत, असे घरच्यांचे मत आहे. चुलतभाऊ म्हणतो, दोन्ही सोड आणि शिल्लक रकमेतून जुना ट्रक घे. काय करावे?

उत्तर : आधी चुलतभावाच्या सूचनेविषयी, कारण तिचे उत्तर लहान आहे. आता ट्रक घेऊ नका. ९०,००० रुपये पहिल्या भरण्यातच संपतील आणि त्यानंतर हप्ता, विमा, कर, फिटनेस, टायर हे सगळे खर्च भाडे मिळो न मिळो चालूच राहतील. कोणते भाडे परवडते आणि कोणते नाही, परतीचा माल कुठे मिळतो, बिलाचे पैसे कोण वेळेवर देतो, हे दुसऱ्याच्या गाडीवर शिकता येते. स्वतःच्या गाडीवर ते शिकायला फार महाग पडते.

खरा प्रश्न उचलीचा आहे. घरच्यांचे म्हणणे वरवर पाहता अगदी हिशेबी आहे : पतसंस्थेला महिन्याला ६०० रुपये व्याज जाते, उचलीला व्याज नाही, मग महाग कर्ज फेडून फुकटचे कर्ज का घेऊ नये? मी हा हिशेब पुढे मांडून पाहिला आणि तो पहिल्याच महिन्यात कोलमडतो, तेही मालकाच्या वाईट हेतूमुळे नव्हे, तर तुम्ही नवे चालक आहात एवढ्याच कारणाने.

सोलापूर ते हैदराबाद जाऊन येऊन सुमारे ६०० किलोमीटर होतात. मालकाने गाडीचे अ‍ॅव्हरेज लिटरला ४ किलोमीटर धरले, तर एका खेपेला १५० लिटर डिझेल मंजूर होईल. नव्या चालकाचा हात बसलेला नसतो. गिअर केव्हा बदलायचा, उतारावर गाडी कशी सोडायची, चढाच्या आधी वेग किती ठेवायचा, हे अंगवळणी पडायला महिने लागतात. तुम्हाला ३.७ चे अ‍ॅव्हरेज मिळाले, जे नवख्यासाठी काही वाईट नाही, तर १६२ लिटर लागतील. वरचे १२ लिटर, ९० रुपयांच्या आसपासच्या भावाने, खेपेला जवळपास १,१०० रुपये झाले आणि सहा खेपांचे साधारण ६,५०० रुपये. म्हणजे ९,००० रुपयांच्या भत्त्यातले ६,५०० रुपये डिझेलच्या फरकातच गेले.

आता पूर्ण महिना पाहू. पगार १८,००० आणि भत्ता ९,००० मिळून २७,००० रुपये झाले. त्यातून महिन्यातले २२ दिवस रस्त्यावर जेवणचहाचे दिवसाला ३०० रुपये धरून ६,६०० आणि डिझेलचे ६,५०० वजा केले की १३,९०० उरतात. त्यातून उचलीचे ५,००० कापले की घरी ८,९०० रुपये पोहोचतात. घरखर्च १४,००० आहे. सहाही खेपा पूर्ण झालेल्या महिन्याची ही गत असेल, तर बाजार बंद राहिला, आवक घटली किंवा गाडी गॅरेजला लागली, की काय होईल ते वेगळे सांगायला नको. अशा वेळी चालक पुन्हा मालकाकडे जातो आणि मालक, बहुधा चांगुलपणाने, आणखी दहा हजार देतो. पंधरा महिन्यांत फिटायची उचल अशीच वर्षानुवर्षे अंगावर राहते. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या चालकांच्या घरांत ही गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली आहे, की पगाराचा आकडा विचारण्याआधी आता मी अंगावर किती आहे, ते विचारतो.

अंगावर पैसे असलेला आणि मूळ परवाना दुसऱ्याच्या कपाटात असलेला चालक मालकाला नाही म्हणू शकत नाही. दोन रात्री झोप झालेली नसताना तिसरी खेप लागली तरी तो निघतो, आणि गाडीत जास्त माल भरला तरी गप्प बसतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, आणि तो गाडी चालवणाऱ्यावरही येतो. तो कोण भरणार, हे मालकाने तुम्हाला सांगितलेले नाही आणि तुम्हीही विचारलेले दिसत नाही. पतसंस्थेचे महिन्याचे ६०० रुपये व्याज मला म्हणूनच महाग वाटत नाही. तेवढ्या रकमेत, कोणतीही गाडी नाकारण्याची आणि महिनाअखेरीस काम सोडण्याची मोकळीक तुमच्याकडे राहते.

परवान्याविषयी स्पष्टच सांगतो. तो तुमच्या नावाचा, तुमच्या उपजीविकेचा कागद आहे. त्याची छायाप्रत द्या, मूळ परवाना कोणालाही ठेवायला देऊ नका. डिजिलॉकरमध्ये तो आजच घेऊन ठेवा.

कंपनीचा पगार ऐकायला कमी वाटतो, कारण तिथे सगळी कपात आधीच दिसते. १९,५०० मधून भविष्यनिर्वाह निधीचे १,८००, ईएसआयचे पाऊण टक्क्याने १४७ आणि व्यवसाय कराचे २०० जाऊन हातात १७,३५३ रुपये येतील. २२ दिवसांचा भत्ता ५,५०० मिळवला आणि रस्त्यावरचे तेच ६,६०० वजा केले, तर १६,२५३ रुपये घरी पोहोचतात. डिझेलच्या फरकाची कपात तुमच्या पत्रात नाही; ती खरोखर नाही ना, हे लेखी विचारून घ्या, कारण माझे सगळे गणित त्यावर उभे आहे. याखेरीज तुमचे १,८०० आणि कंपनीच्या वाट्यातील साधारण ५५० असे २,३५० रुपये दरमहा तुमच्या निधी खात्यात साठतील, म्हणजे वर्षाला व्याज सोडून २८,२०० रुपये. कंपनीचे उरलेले १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात.

ईएसआयला नोकरदार मंडळी नाक मुरडतात, पण तुमच्या घराला ती मोठा आधार ठरेल. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी ही योजना आहे. तुमच्या पत्नीला, मुलीला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईला तिच्यातून उपचार मिळतात. कामावर अपघात होऊन काही काळ काम करता आले नाही, तर वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि मृत्यू झाल्यास अवलंबितांना त्याच दराने दरमहा लाभ सुरू होतो. आजारपणाचा भत्ता ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत आहे, मात्र त्यासाठी आधी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, त्यामुळे पहिले काही महिने त्यावर भिस्त ठेवू नका. निधीबरोबर येणाऱ्या ठेवसंलग्न विमा योजनेत सेवाकाळात मृत्यू झाल्यास कमाल ७ लाख रुपये वारसांना मिळतात.

चार गाड्यांच्या मालकाला निधी आणि ईएसआय लागू होत नाही, कारण निधीसाठी २० आणि ईएसआयसाठी १० कामगारांची अट आहे. त्यात त्याची चूक नाही. कामावर असताना चालकाला अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी मात्र त्याच्यावरही आहे, आणि गाडीच्या विम्यात पगारी चालकाची जबाबदारी धरलेली असते. ही भरपाई वय आणि मासिक वेतन यांवरून ठरते. तुमच्या वयाला, १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर, मृत्यूच्या भरपाईची रक्कम सोळा लाखांच्या वर जाते. पण हातात रोख पगार घेणाऱ्या चालकाच्या विधवेला, तो तिथे कामाला होता हेच आधी सिद्ध करावे लागते. म्हणून पुढे कधी छोट्या मालकाकडे गेलात, तरी पगार बँक खात्यातच घ्या, आणि गाडीची विमा पॉलिसी डोळ्यांनी पाहा.

कंपनीचा करार डोळे झाकून सही करण्यासारखा नाही. ४०,००० हा आकडा १८ महिने तसाच राहतो, की दर महिन्याला कमी होत जातो, हे विचारा. तो टप्प्याटप्प्याने कमी व्हावा, अशी मागणी रास्त आहे; नऊ महिने काम केल्यावर निम्मीच रक्कम राहावी. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करार मोडल्यावर मिळणारी भरपाई वाजवी असावी लागते, आणि करारातला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. त्यामुळे ‘लिहिले आहे म्हणून पूर्ण भरा’ एवढे म्हणून भागत नाही, तरीही वाद घालत बसण्यापेक्षा आधीच वाक्य बदलून घेणे बरे. कंपनीनेच काढून टाकले, तर काही भरावे लागणार नाही, हेही त्यात असले पाहिजे. कोरा धनादेश देऊ नका. नियुक्तिपत्र मागायला संकोचू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते प्रत्येक कामगाराला देणे बंधनकारक केले आहे.

सही करण्याआधी एक दिवस मोडून कंपनीच्या डेपोबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसा आणि दोन-तीन चालकांशी बोला. मागच्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला, घरी किती दिवस राहायला मिळते, माल उतरवायला दोन दिवस थांबावे लागले तर भत्ता चालू राहतो का, हे त्यांच्याकडूनच कळेल. एखाद्याला उमंग अ‍ॅपवर निधीचे पासबुक उघडून दाखवण्याची विनंती करा. मागच्या दोन-तीन महिन्यांच्या रकमा जमा झालेल्या दिसल्या, तर कापलेला पैसा खरोखर भरला जातो, असे समजा. दिसल्या नाहीत, तर माझा पुढचा सल्ला बाजूला ठेवा आणि दुसरी कंपनी पाहा. गाडी कोणती मिळणार, हेही विचारा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारभर गाडी चालवून रात्री पुन्हा निघायचे असेल, तर केबिन कशी आहे याला महत्त्व आहे.

एवढे जुळले, तर कंपनीत जा. तिथल्या ज्या दोन महिन्यांची तुम्हाला धास्ती वाटते, तेच मला सर्वांत मोलाचे वाटतात, कारण भरलेली जड गाडी बोरघाटात कशी उतरवायची, हे टेम्पोच्या वर्षभराच्या अनुभवातून येत नाही. त्या काळात विद्यावेतन १२,००० आणि घरखर्च व व्याज मिळून १४,६०० असल्याने दोन महिन्यांत ५,२०० रुपये शिलकेतून घालावे लागतील. उरलेल्या ८४,८०० पैकी ३०,००० सोनेतारण कर्जात भरा, म्हणजे व्याज निम्मे होईल. पतसंस्था मान्य करत असेल, तर त्या प्रमाणात काही दागिने सोडवून घ्या. बाकीचे ५४,८०० रुपये जवळपास चार महिन्यांच्या घरखर्चाइतके आहेत; त्यांना हात लावू नका, दागिन्यांसाठीही नाही. पूर्ण पगार सुरू झाल्यावर व्याज वजा जाता महिन्याला १,९०० रुपयांच्या आसपास उरतील. ते कर्जाच्या मुदलात भरत गेलात, तर उरलेले कर्ज साधारण सव्वा वर्षात संपेल.

विम्यासाठी बँकेत दोन अर्ज आजच भरा : पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण, आणि जीवनज्योती विमा योजना, ४३६ रुपयांत २ लाखांचे जीवनसंरक्षण. दोन्हींचे वर्ष १ जूनला सुरू होते, तेव्हा मेअखेर खात्यात तेवढी शिल्लक ठेवा. कर्ज फिटले की २५ लाखांचा मुदतीचा विमा पाहा आणि अर्जात ट्रकचालक असल्याचे न लपवता लिहा, मग हप्ता थोडा जास्त पडला तरी चालेल.

ओळखीच्या मालकांना नकार कळवायला स्वतः मार्केट यार्डात जाऊन भेटा. दीड वर्षानंतर तुमचा हात बसलेला असेल, अ‍ॅव्हरेज चार किलोमीटरचे देता येईल आणि अंगावर कोणाचे पैसे नसतील. तेव्हा परवाना आपल्याजवळ ठेवून, उचल न घेता, बँकेत जमा होणाऱ्या २२,००० रुपये पगारावर त्यांच्याच गाडीवर बसण्याची बोलणी तुम्ही करू शकाल.