अभिनयाला दोन वर्षांची मुदत घालावी का?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. वीसेक वर्षं तुम्ही इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात आहात. मुलगा २४ वर्षांचा आहे. भौतिकशास्त्राची पदवी आणि शिक्षक-प्रशिक्षण झालं, गेल्या सप्टेंबरपासून तो एका सरकारी शाळेत शिकवतो आहे, आणि आता नोकरी सोडून ड्रामा स्कूलला जायचं म्हणतो. मंडळाच्या गणेशोत्सवात एकांकिका केल्या तेव्हा तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या, पण पोटापाण्यासाठी नाटक म्हटल्यावर धसका घेतलात. दिसायला चारचौघांसारखा, त्यात आडनाव इंग्रजांना उच्चारता न येणारं. म्हणून तुम्ही अट घातली: दोन वर्षं देतो, तेवढ्यात नाव झालं नाही तर गुमान शाळेत परत. त्यावर त्याने पीट पोस्टलथ्वेट या ब्रिटिश नटाचं उदाहरण दिलं आणि तुम्ही विचारलंत, "हा कोण?"

तुम्ही त्याला पाहिलंय हो, नाव माहीत नाही इतकंच. १९९७ च्या दुसऱ्या ज्युरासिक पार्कमधला तो टक्कल पडलेला शिकारी आठवा, किंवा 'इन्सेप्शन'मधला मरणशय्येवरचा उद्योगपती. गालाची हाडं वर आलेली, नाक बसकं. हिरोचा चेहरा तो नव्हेच. (तुम्ही निळू फुल्यांना पाहत मोठे झालात, तुम्हाला या बाबतीत मी काय सांगावं!)

मुलाने उदाहरण चांगलं निवडलंय, पण त्यातून निघतं ते तुम्हा दोघांनाही थोडं गैरसोयीचं आहे. पोस्टलथ्वेट १९४६ चा, वॉरिंग्टनमधल्या कष्टकरी कॅथलिक घरातला. पाद्री व्हायचं त्याच्या मनात होतं, झाला शिक्षक. मँचेस्टरमध्ये काही काळ शिकवलं आणि मग ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत गेला. सत्तरच्या दशकात लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये होता, तेव्हा सोबत ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस अशी मंडळी होती. त्या वेळी यांतलं कुणीच नावाजलेलं नव्हतं. मोठ्या पडद्यावर त्याची नीट दखल घेतली गेली ती १९८८ मध्ये, 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज'मधल्या तापट बापाच्या भूमिकेमुळे. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. 'इन द नेम ऑफ द फादर'साठी ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा पंचेचाळिशी उलटून गेली होती. तुमची दोन वर्षांची अट त्याच्या बापाने घातली असती, तर तो पेन्शनीत निघेपर्यंत मँचेस्टरातच शिकवत राहिला असता.

चरित्र अभिनेत्याचं काम समजायला 'द यूज्वल सस्पेक्ट्स' मुलासोबत बसून बघा. पाच सराईत गुन्हेगार गुर्मीत बसलेले असतात. पोस्टलथ्वेट यात कोबायाशी नावाचा वकील, सूट नीटनेटका, बोलणं कुठल्या देशाचं ते कळू नये असं. प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्या गुन्ह्यांची फाइल ठेवतो आणि बोलत राहतो. आवाज चढत नाही, पण पाचही जणांची गुर्मी उतरत जाते. चित्रपटात त्याला वेळ मोजकाच आहे, तरी तो माणूस लक्षात राहतो. ही ताकद रंगभूमीवर वर्षानुवर्षं काम केल्याने येते. आडनावाचं म्हणाल, तर यालाही सुरुवातीला बदलायचा सल्ला मिळाला होता: एवढं लांब नाव थिएटरबाहेर दिव्यांत लावायचं तर विजेचं बिल परवडणार नाही म्हणे! त्याने बदललं नाही.

तेव्हा मुदत काढून टाका. त्याऐवजी दुसरी गोष्ट बघत चला: एकदा काम दिलेला दिग्दर्शक त्याला पुन्हा बोलावतो का? चरित्र अभिनेत्याचं सगळं दुकान या परत बोलावण्यावर चालतं. शिक्षण संपल्यावर चार-पाच वर्षांत एकानेही दुसऱ्यांदा बोलावलं नाही, तर तुमचा मुद्दा मी मुलाला स्वतः समजावीन.

आता पैशांचं बोलू, कारण तुमची खरी काळजी तीच आहे आणि ती रास्त आहे. त्याची एक पदवी झालेली आहे, त्यामुळे इंग्लंडमध्ये दुसऱ्या पदवीसाठी सरकारी विद्यार्थी कर्ज सहसा मिळत नाही. तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम म्हणजे वर्षाला सुमारे साडेनऊ हजार पौंड (२०२५-२६ चा दर) फी खिशातून, राहणं-खाणं वेगळं. त्याने अभिनयातल्या एम.ए.चा विचार करावा. त्याला वेगळं कर्ज आहे, मात्र फी आणि लंडनचं भाडं दोन्ही त्यात भागणार नाही.

म्हणून नोकरी आत्ता सोडू नये, यात मी तुमच्या बाजूने आहे. नव्या शिक्षकाचा दोन वर्षांचा इंडक्शन काळ, म्हणजे सुरुवातीचा देखरेखीखालचा काळ, त्याने पूर्ण करावा. एकच वर्ष उरलंय. तो झाला की सप्लाय टीचिंगचा, म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या जागी तात्पुरतं शिकवण्याचा, रस्ता कायमचा मोकळा: अभिनयाचं काम नसेल त्या आठवड्यात शाळेत जायचं, ऑडिशन आली की नाही म्हणायचं. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला इथे मागणी असते. कॉफीच्या दुकानात राबणाऱ्या नटांना ही सोय नसते. आधाराची ही काठी त्याने स्वतः कमावली आहे, ती फेकून देऊ नये.

तो काळही वाया घालवायचा नाही. संध्याकाळचे अभिनयवर्ग, छोट्या थिएटरमधली कामं आत्तापासून सुरू करू दे. टीव्हीवरचं पहिलं काम पूर्वीपेक्षा अवघड झालंय, हेही त्याला माहीत असू दे. बीबीसीची 'डॉक्टर्स' ही दुपारची मालिका २०२४ मध्ये बंद झाली. कितीतरी नवोदितांना पहिली भूमिका तिथे मिळायची. पुढे स्पॉटलाइट या नटांच्या सूचीत नाव नोंदवणं, इक्विटी या नटांच्या संघटनेचं सभासदत्व, एजंट हे ओघाने येईल. एजंट मिळालेल्या कामातून कमिशन घेतो. आधीच पैसे मागणारा दिसला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

ड्रामा स्कूलच्या ऑडिशनला सहसा दोन स्वगतं लागतात, एक शेक्सपियरच्या काळातलं नि एक आजचं. त्याने कोणती निवडलीत ते विचारून मला कळवा. पोस्टलथ्वेटने २००८ मध्ये एव्हरीमनला परत जाऊन शेक्सपियरचा म्हातारा राजा, किंग लिअर, केला, तेव्हा तो ६२ वर्षांचा होता. चिरंजीवांनी त्याच्या प्रेमापोटी लिअरचं स्वगत उचललं असेल, तर आत्ताच बदलायला सांगा. परीक्षकांना २४ वर्षांचा मुलगा २४ वर्षांचाच दिसायला हवा असतो.