वाचक विचारतात : टीएसएच, बी ट्वेल्व्ह आणि रिपोर्टमधले ठळक आकडे

यावेळी थायरॉइडच्या रिपोर्टबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकी सगळे विषय पुढच्या खेपेला ढकलले. बऱ्याच जणांनी थेट रिपोर्टच टाइप करून पाठवलाय आणि खाली एकच ओळ, "काळजीचं आहे का?" त्यातले वेगवेगळ्या तऱ्हेचे पाच प्रश्न निवडलेत.

प्रश्न : माझं वय ३४. सारखा थकवा येतो, केस खूप गळतायत, दुपारी तर डोळे मिटायला लागतात म्हणून सगळ्या टेस्ट केल्या. टीएसएच ६.८ आलंय, फ्री टी फोर १.१ म्हणजे रेंजमध्ये, बी ट्वेल्व्ह १८० आणि व्हिटॅमिन डी १४. नणंद म्हणते आता थायरॉइडची गोळी जन्मभर, लगेच सुरू कर. खरंच करू का?

उत्तर : ताई, घाई नको. रिपोर्टमध्ये सगळ्यात ठळक ६.८ दिसला म्हणून सगळं खापर त्याच्यावर फुटतंय, पण माझं लक्ष आधी खालच्या बी ट्वेल्व्हवर गेलं.

टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉइडला काम करायला लावतं, त्यामुळे थायरॉइड मंदावली की टीएसएच वर जातं आणि ती जास्त पळायला लागली की खाली येतं. आणि पिट्युटरी भलती हळवी असते, टी फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, जरासा इकडचा तिकडे झाला तरी टीएसएच कितीतरी पट बदलतं. म्हणून एकटं टीएसएच वाचायचं नाही, शेजारी फ्री टी फोर बघायचा. तुमचा तो व्यवस्थित आहे. टीएसएच थोडं वर आणि फ्री टी फोर नॉर्मल, याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात, आणि यातल्या बऱ्याच जणांचं टीएसएच काही न करता परत खाली येतं. आजारपणातून उठल्यावर ते काही आठवडे वर राहू शकतं. दिवसभरातही ते हलतं, रात्री उशिरा आणि पहाटे सगळ्यात जास्त, दुपारनंतर कमी. त्यामुळे दोन ते तीन महिन्यांनी, साधारण त्याच वेळेला, परत टेस्ट करा आणि सोबत एकदा अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडवर उलटलेल्या अँटीबॉडीची टेस्ट, बघा. टीएसएच १० च्या वर टिकून राहिलं तर गोळी बहुतेक लागतेच. ४.५ ते १० च्या मधे मात्र वय, लक्षणं, अँटीबॉडी हे सगळं बघून ठरवतात. एक अपवाद, दिवस गेले असतील किंवा लवकरच मूल हवं असेल तर हे थांबून बघणं वगैरे सोडा, याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, तिथला हिशोब वेगळा असतो.

आता बी ट्वेल्व्ह. १८० म्हणजे सरळसरळ कमी. साधारणपणे २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, तिथे शंका असेल तर मिथाईलमेलॉनिक ॲसिड नावाची टेस्ट करून खातरजमा करता येते. तुम्हाला तीही लागणार नाही बहुतेक. थकवा बी ट्वेल्व्हनेही येतो. हातापायाला मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का ते नीट आठवून डॉक्टरांना सांगा, कारण नसांवर परिणाम व्हायला लागला असेल तर वेळ घालवायचा नसतो. नुसतं फॉलिक ॲसिड घेत बसू नका, त्याने रक्तातली लक्षणं झाकली जातात आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

अजून एक, आणि हे बऱ्याचदा राहून जातं. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आलं तर बी ट्वेल्व्ह का कमी झालं याचा विचार जरा जास्त करायचा. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटलेली असते त्यांच्यातल्या काहींमध्ये ती जठरावरही उलटते, आणि मग बी ट्वेल्व्ह शोषून घ्यायला लागणारा घटकच तयार होत नाही. अशा वेळी नेहमीची छोटी मल्टिव्हिटॅमिन उपयोगाची नाही, इंजेक्शन किंवा मोठ्या डोसची गोळी लागते. आणि हो, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यानेही बी ट्वेल्व्ह उतरतं.

केस गळतायत तर फेरिटिनही करून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि थायरॉइडमध्ये हार्मोन बनवणाऱ्या टीपीओ एन्झाइमलाही लोह लागतंच. फक्त ताप किंवा कुठे सूज असताना फेरिटिन खोटं वर दिसतं, तेव्हा करू नका.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा, मला काहीही त्रास नाही. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये टीएसएच ०.०३ आलं आणि फ्री टी थ्री, फ्री टी फोर दोन्ही वाढलेले. नेटवर वाचलं तर ग्रेव्हज डिसीज (थायरॉइड जास्त पळायला लावणारा आजार) दिसतोय, झोप उडालीये. वजन तेवढंच, नाडी ७०. केसांसाठी एक सप्लिमेंट चालू आहे चार महिने, बाकी कुठलीच गोळी नाही.

उत्तर : "बाकी कुठलीच गोळी नाही" म्हणालात, पण तीच एक गोळी पुरेशी आहे. बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा. बायोटिन लिहिलंय का, आणि किती? केस आणि नखांच्या सप्लिमेंटमध्ये ५ किंवा १० मिलिग्रॅम सर्रास असतं, काही कंपन्या ते ५००० किंवा १०००० मायक्रोग्रॅम असं लिहितात. शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे शेकडो पट झालं.

आता हे बायोटिन करतं काय, तर थायरॉइडला काहीच करत नाही, ते मशीनला फसवतं. बऱ्याच लॅबमधल्या टेस्ट स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रोटीनवर चालतात, ते बायोटिनला घट्ट धरून ठेवतं. टीएसएचच्या टेस्टमध्ये दोन अँटीबॉडी तुमच्या रक्तातल्या टीएसएचला दोन बाजूंनी पकडतात, एकीला बायोटिनची शेपटी जोडलेली असते आणि दुसरीवर चमकणारी खूण. त्या शेपटीने हे सगळं प्रकरण स्ट्रेप्टाव्हिडिनवर जाऊन बसायचं, न बसलेलं धुऊन टाकायचं आणि उरलेली चमक मोजायची. पण रक्तात आधीच सुटं बायोटिन भरपूर असेल तर एसटीतल्या सगळ्या सीटवर आधीच रुमाल टाकून ठेवल्यासारखं होतं, खऱ्या प्रवाशाला जागाच नाही. टीएसएच धुऊन निघून जातं, चमक कमी येते, मशीन म्हणतं टीएसएच नाहीच. फ्री टी थ्री आणि टी फोरची टेस्ट उलट्या पद्धतीची, तिथे चमक कमी म्हणजे हार्मोन जास्त. झालं, टीएसएच तळाला, टी फोर वर, हुबेहूब ग्रेव्हजचं चित्र आणि माणूस ठणठणीत! ग्रेव्हजसाठी करतात ती अँटीबॉडीची टेस्टसुद्धा यामुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग तर कुणाचाही विश्वास बसेल. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता, तरी रक्त घेताना "कुठलं सप्लिमेंट चालू आहे का" हा प्रश्न अजून सगळीकडे विचारत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

तर करायचं काय, सप्लिमेंट बंद करा, किमान दोन दिवस जाऊ द्या, मी तर म्हणेन आठवडा जाऊ द्या, आणि परत टेस्ट करा. लॅबला बायोटिनचं सांगा, काही मशीन या पद्धतीवर चालत नाहीत, तिथे हा घोळ होत नाही. पण मी पत्रावरून अंदाज करतोय हेही लक्षात ठेवा. छातीत धडधड, हात थरथरणं, वजन भराभर उतरणं यातलं काही जाणवलं तर आठवडा वगैरे थांबू नका. आणि परत केलेला रिपोर्टही असाच आला तर पुढचा तपास व्हायलाच हवा.

प्रश्न : आईचं वय ७२, दहा वर्षं थायरॉक्सिन ७५ ची गोळी, टीएसएच कायम अडीच-तीन. यावेळी एकदम ९.२. गोळी एकही दिवस चुकत नाही, मी स्वतः देतो. डोस वाढवून १०० केला, पंधरा दिवसांनी परत टेस्ट केली तर ७.१. अजून वाढवायचा का? हाडांसाठी कॅल्शियम आणि लोहाची गोळी हल्लीच चालू झालीये.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही पहिलं लिहायला हवं होतं! कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला पोटातच बांधून ठेवतात, गोळी गिळली तरी रक्तात पुरती पोचत नाही. सकाळी सगळ्या गोळ्या एकदम देत असाल तर टीएसएच वर जाण्याचं कारण तेच असण्याची दाट शक्यता आहे. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर, मग अर्धा ते एक तास काही खायला नाही, आणि कॅल्शियम-लोह किमान चार तासांनी.

आता गंमत बघा, डोसही वाढलाय आणि तुम्ही गोळ्यांमध्ये अंतरही ठेवायला लागलात तर आईंना डोस जास्त होईल. या वयात थायरॉक्सिन जास्त झालं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि ज्या हाडांसाठी कॅल्शियम देताय तीच ठिसूळ होतात. म्हणून अंतर ठेवायच्या आधीच डॉक्टरांना फोन करून हे सगळं सांगा, ते कदाचित परत ७५ वर आणतील. स्वतःहून बदलू नका.

आणि पंधरा दिवसांच्या रिपोर्टवरून काही ठरवू नका. रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, नवा डोस स्थिरावून टीएसएच जागेवर यायला सहा ते आठ आठवडे. ७.१ हा वाटेतला आकडा आहे. टेस्टच्या दिवशी रक्त आधी द्यायचं, गोळी नंतर, नाहीतर फ्री टी फोर काही तास वर दिसतो. वय वाढलं की टीएसएच थोडं वर असणं स्वाभाविकच असतं, सत्तरीत तिशीतल्या माणसाचा आकडा गाठायचा हट्ट नसतो.

प्रश्न : व्हिटॅमिन डी मार्चमध्ये २२ होतं, आता दुसऱ्या लॅबमध्ये ५५. औषध बंद करू?

उत्तर : आकड्यापुढचं एकक बघा. एकीकडे नॅनोग्रॅम आणि दुसरीकडे नॅनोमोल असेल तर अडीचने गुणायचं असतं. २२ गुणिले अडीच, ५५. म्हणजे तसूभरही वाढलेलं नाही, तुम्ही आहात तिथेच आहात. एकक दोन्हीकडे एकच असेल तर मात्र खरंच वाढलंय. नाव २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आहे ना तेही तपासा, १,२५ डायहायड्रॉक्सी ही वेगळी टेस्ट आहे आणि साठा किती आहे ते तिच्यातून कळत नाही.

प्रश्न : हाशिमोटो (रोगप्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटण्याचा आजार) आहे. अँटी-टीपीओ ६०० होतं, सहा महिन्यांनी ४२०, सेलेनियम घेतल्यामुळे असेल का? आता परत करायची वेळ झालीये.

उत्तर : परत करू नका. अँटी-टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आलं की त्याने सांगायचं ते सांगून टाकलेलं असतं, आकडा ६०० चा ४२० झाला म्हणून गोळीचा डोस बदलत नाही. सेलेनियमने काही जणांचा आकडा उतरतो, पण म्हणून थायरॉइड जास्त चांगली चालते असं दिसलेलं नाही, आणि जास्त झालं तर त्यानेच केस गळतात. ज्यांना अजून गोळी सुरू नाही आणि टीएसएचही थोडं वाढलेलं आहे, त्यांच्यात दरवर्षी साधारण शंभरातले चार जण पूर्ण हायपोथायरॉइडिझमकडे जातात, त्यासाठी वर्षातून एकदा टीएसएच पुरतं. तुम्ही गोळीवर असाल आणि डोस बसलेला असेल तरी तेवढंच, आणि वाचलेल्या पैशात एकदा बी ट्वेल्व्ह करा, तुमच्या पत्रात ते कुठेच दिसलं नाही.