स्वतःच्या प्रशिक्षणासाठी करमुक्त खाते काढता येईल का?

हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात लेथवर काम करणारे, चाळिशीला टेकलेले एक गृहस्थ पत्नीसह माझ्याकडे आर्थिक सल्ल्यासाठी आले होते. कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारी, यंत्रे येऊ लागली होती आणि प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला नाही तर आपण मागे पडू, ही धास्ती त्यांना होती. नेमक्या याच वेळी एका विमा प्रतिनिधीने, विदेशात कामगारांच्या शिक्षणासाठी करमुक्त खाते असते, तसेच हे समजा, असे सांगून वीस वर्षांची पॉलिसी त्यांच्यापुढे ठेवली होती. "करमुक्त असन तं काढून टाकतो ना, मॅडम," असे त्यांचे म्हणणे होते.

विदेशातील उल्लेख निराधार नव्हता. फ्रान्समध्ये 2019 पासून नोकरदाराच्या प्रशिक्षण खात्यात साधारणतः वर्षाला 500 युरो जमा होतात. परंतु तो पैसा कामगाराने साठवलेला नसून मुख्यत्वे मालकांच्या अंशदानातून येतो. भारतात नोकरदाराने स्वतःच्या प्रशिक्षणासाठी काढावयाचे असे स्वतंत्र करमुक्त खाते नाही. गंमत अशी की, आयकराच्या जुन्या व नव्या अशा दोन प्रणालींपैकी जुन्या प्रणालीत दोन मुलांच्या शिक्षण शुल्कावर वजावट मिळते, बापाच्या शुल्कावर मात्र नाही. उच्च शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाची वजावट स्वतःसाठीही मिळते, तीसुद्धा जुन्या प्रणालीतच.

यानंतर मी त्यांचा फॉर्म 16, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारा मालकाचा दाखला, मागितला. रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीतून त्यांनी तो काढला; वार्षिक पगार चार लाखांच्या आसपास होता आणि कपात झालेल्या कराच्या रकान्यात शून्य होते. नव्या करप्रणालीत 2025-26 या आर्थिक वर्षापासून 12 लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, हे सांगितल्यावर पत्नीने विचारले, "मंग वाचवायचा कोणता कर?" माझ्या मते संपूर्ण बैठकीतला हाच खरा प्रश्न होता. ज्याला करच भरावा लागत नाही, त्याने करमुक्ततेपेक्षा पैसा गरजेच्या वेळी हातात येईल की नाही, हे आधी पाहावे. पॉलिसी सुरुवातीच्या वर्षांत मोडली तर भरलेल्या रकमेचा मोठा भाग जातो. पीपीएफचे (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे) व्याज करमुक्त असले तरी त्यातून पैसे सातव्या आर्थिक वर्षापासूनच अंशतः काढता येतात. यांचा कोर्स तर दीड वर्षावर होता.

शुल्क 48,000 रुपये होते. त्यासाठी बँकेत 18 महिन्यांची आवर्ती ठेव, दरमहा 2,600 रुपये, असे आम्ही ठरवले. व्याज धरून शुल्क निघते आणि ते व्याज करपात्र असले तरी त्यांच्या उत्पन्नावर प्रत्यक्ष कर येत नाही. मुलीच्या नावे चाललेल्या बचतीला हात लावायचा नाही, ही पत्नीची अट होती व ती रास्त होती. पॉलिसीला त्यांनी नकार कळवला. यंत्रे कंपनीच आणत असल्याने शुल्काचा काही भाग तिने थेट संस्थेकडे भरावा, असा अर्जही त्यांच्याकडून लिहून घेतला. तो मंजूर झाल्यास हप्ता कमी करता येईल.