फुंका, फुंका, अजून फुंका

बाय,

काल तुझ्या आईचा फोन आला, डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणाला सीट मिळाली म्हणून, तीही छातीच्या डिपार्टमेंटला आणि बांबोळीच्या मेडिकल कॉलेजलाच, म्हणजे गोव्याबाहेर कुठे जायला नको. लय बरं वाटलं. आई म्हणाली काकांना चार शब्द लिहायला सांगते, तुम्ही आयुष्यभर हॉस्पिटलात काढलंय. आता मी डॉक्टर नाही हे तुला माहीतच आहे, मी पीएफटीवाला, म्हणजे ज्या खोलीत लोकांच्या नाकाला क्लिप लावून मशीनमध्ये फुंकायला लावतात त्या खोलीतला माणूस. सव्वीस वर्षं तेच केलं. पण त्या खोलीतून किती डॉक्टर आले नि गेले ते बघितलंय, म्हणून लिहितो, पटलं तर घे.

आधी एक आकडा सांगतो, तो डोक्यात ठेव. १५० मिलिलिटर. स्पायरोमेट्रीत, म्हणजे ह्याच फुंकायच्या टेस्टमध्ये, एका माणसाकडून तीन चांगल्या फुंका घ्यायच्या, त्यातल्या सगळ्यात मोठ्या दोन एकमेकींपासून १५० मिलिलिटरच्या आत पाहिजेत, तर टेस्ट धरायची. नाही आल्या तर परत, जास्तीत जास्त आठ वेळा, त्याच्यापुढे माणूस दमतो आणि आकडे आणखी बिघडतात. म्हणजे एकच माणूस, एकच खुर्ची, पाच मिनिटांच्या अंतरानं फुंकला तरी जवळपास कपभर चहाएवढा फरक आपण माफ करतो.

आता दुसरा आकडा. फुप्फुसं कडक होत जातात ना, आयपीएफ, त्याच्यावर ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत एकाच दिवशी दोन औषधं मंजूर झाली, पिरफेनिडोन आणि निंटेडानिब. त्याच्या आधी तिथे ह्या पेशंटला द्यायला हातात खास असं काही नव्हतंच, स्टेरॉइड द्यायचे आणि नुकसानच जास्त व्हायचं. त्यातल्या निंटेडानिबच्या दोन मोठ्या ट्रायल झाल्या, १०६६ पेशंट, त्यात औषध न घेणाऱ्यांचा एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन एका दमात फुंकलेली सगळी हवा, वर्षाला साधारण २०० ते २४० मिलिलिटरनं उतरत होता आणि औषधवाल्यांचा ११५ च्या आसपास. फरक किती झाला? एका ट्रायलमध्ये १२५, दुसऱ्यात ९४. मिलिलिटर! दोन्ही आकडे १५० पेक्षा कमी.

म्हणजे बघ, जेवढा फरक आम्ही खोलीत चालवून घेतो त्याच्यापेक्षा लहान फरकावर अख्खं औषध उभं आहे. म्हणून तर हजारावर माणसं लागली, आणि म्हणून प्रत्येक सेंटरवर कोणीतरी माझ्यासारखा पीएफटीवाला रोज सकाळी तीन लिटरची सिरिंज मशीनला लावून हवा ढकलत बसला असणार, मशीन बरोबर मोजतंय ना, आकडा २.९१ ते ३.०९ च्या मध्ये येतोय का बघत. त्या लोकांची नावं संशोधनाच्या पेपरात येत नाहीत. माझी तक्रार नाही, पण तू पेपर वाचशील तेव्हा तेवढं लक्षात असू दे.

ह्याच्यातून तुझ्या कामाचं काय निघतं, तर एका पेशंटचा एक रिपोर्ट बघून ‘औषध लागू पडत नाही’ असं ठरवू नकोस. मागच्यापेक्षा १०० मिलिलिटर कमी आलं म्हणून पेशंटसमोर तोंड पाडून बसलेले डॉक्टर मी बघितलेत, पेशंट बिचारा त्यांच्या तोंडाकडे बघून आणखी खचतो. आधी मागची ग्राफ काढ, आकडा नाही, ग्राफ. सुरुवात टोकदार आहे का, पहिल्या सेकंदात खोकला आलाय का, शेवट सपाट झालाय का का माणसानं मध्येच तोंड काढलं. शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा कमी हवा बाहेर येत असेल तर शेपूट नीट आहे असं धरतात. रिपोर्टच्या खाली मशीन जे इंटरप्रिटेशन छापतं ते तर वाचूच नकोस, त्याला काय माहीत समोरची आजी कवळी सैल असल्यानं ओठ दाबू शकत नव्हती ते.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, कुठल्या लॅबातली ते सांगत नाही, मी तेव्हा नवा होतो. रापणीवर जाणारा एक माणूस, बसनं लांबून आलेला. उंची १५७, मी टाइप केली १७५. आकडे उलटे झाले बस्स. मशीननं प्रेडिक्टेड, म्हणजे एवढ्या उंचीच्या माणसाचं किती यायला पाहिजे ते, काढलं ते एका पावणेसहा फुटी माणसाचं, जवळपास एक लिटर जास्त, आणि ह्याची फुप्फुसं कागदावर आकसलेली झाली. रिस्ट्रिक्शन! मग एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारीक सीटी स्कॅन, मग परत बोलावलं, मग रक्ताच्या तपासण्या. सीटी एकदम साफ. तिसऱ्या खेपेला मी त्याला दारातून आत येताना बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण तो माझ्या खांद्याला लागत होता. सहा दिवस त्याची मासेमारी बुडालेली, तीही ऐन सीझनमध्ये. मी सांगितलं त्याला, चूक माझी. तो म्हणाला, ‘जावंदी रे, फुप्फूस बरें आसा न्हय?’ त्या दिवसापासून मी उंची तोंडी विचारून कधी घेतली नाही, बूट काढायला लावून भिंतीलाच मोजली, आणि पाठ वाकलेली असेल तर दोन्ही हात पसरून.

आणि हो, ते ‘प्रेडिक्टेड’ कुणाचं ते पण विचारत जा. बऱ्याच मशीनमध्ये गोऱ्यांचे आकडे घालून त्यातून दहा टक्के कापून आपल्याला चिकटवतात, जगभरचे म्हणून जे आकडे २०१२ मध्ये आले त्यात आपल्या देशाचा डेटाच नव्हता, मग २०२२ मध्ये जातवंश न बघता सगळ्यांना एकच असे नवे आले. सेटिंग बदललं की तोच माणूस ७८ टक्क्यांचा ८६ होतो आणि नॉर्मलच्या यादीत जाऊन बसतो, फुप्फुस मात्र तेच. मशीन बदललं किंवा कुणी अपडेट मारला तर जुन्या नव्या रिपोर्टांचे टक्के एकत्र ठेवू नको, लिटर बघ.

बरं आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. श्वासनळ्या उघडणाऱ्या सालब्युटामॉलचे चार पफ दिल्यावर पंधरा मिनिटं पेशंटला बसवायचं असतं. रेसिडेंट लोकांना ही पंधरा मिनिटं म्हणजे चहाची वेळ वाटते. मला तर निम्मं निदान तिथेच ऐकायला मिळालंय, बाय. मडगावच्या फ्लॅटात राहणारी एक बाई दर चार महिन्यांनी यायची, दर वेळी एफव्हीसी थोडा खाली. केसपेपरवर सगळं विचारलेलं, चूल नाही, सिगारेट नाही, पाळीव प्राणी नाही. एकदा पफ घेऊन बसली होती, बाहेर ग्रिलवर कबुतर आलं, तर म्हणते, आमच्याकडे रोज सकाळी पंचवीस तीस तरी असतात, मिस्टर गेल्यापासून मीच दाणे घालते. आता कबुतर काय पाळीव प्राणी आहे? नाही ना. म्हणून तिनं नाही म्हटलं, खोटं बोलली नव्हती ती. मी पेन्सिलनं कागदाच्या कोपऱ्यात ‘कबुतरं, रोज’ लिहिलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दाणे बंद करायला लावले, बाल्कनी दुसऱ्याकडून धुवून घेतली, औषध चालू केलं. पुढच्या दोन खेपांना आकडा जिथल्या तिथे राहिला. एकदा मला म्हणाली, सकाळी काय करावं कळत नाही हो आता. त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तू म्हणशील काका गोष्टी सांगताहेत. तर बघ, भारतात २०१२ ते २०१५ मध्ये आयएलडीची, म्हणजे आयपीएफसारख्या फुप्फुसं कडक करणाऱ्या सगळ्या आजारांची, मोठी रजिस्ट्री झाली, २७ सेंटर, १०८४ पेशंट. परदेशातल्या पुस्तकात पहिला नंबर आयपीएफचा असतो, आपल्याकडे निघाला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा, जवळपास निम्मे, म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या कशाची तरी ॲलर्जी. आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरात एअर कूलर! कुठल्या महागड्या मशीननं नाही सापडलं, घरात काय काय आहे ते नीट विचारलं म्हणून सापडलं. आपल्याकडे गोव्यात कूलर तेवढा चालत नाही, दमट हवा, पण मग पावसाळ्यात भिंतीला येणारी बुरशी विचार. सत्तरी तालुक्यातली म्हातारी असेल तर चूल विचार, पण ‘गॅस आहे का’ असं नको विचारू, गॅस सगळ्यांकडे असतो, ‘आंघोळीचं पाणी कशावर तापवता’ विचार. पोदेर, म्हणजे पाववाला, असेल तर पहाटेची भट्टी किती वर्षं. काजूच्या सीझनात फेणीच्या भट्टीपाशी कोण बसतं. डिचोली, सांगेकडचा असेल तर खाणीवर होता का, आणि तो नसेल तर बाप. विचारताना कोंकणीत विचार, मराठी इंग्लिश दोन्ही ऑफिसच्या भाषा वाटतात लोकांना. मी सुद्धा इतकी वर्षं ‘फुंकात, फुंकात, आनीक फुंकात, रावूं नाकात’ असंच ओरडत आलो.

टीबीचं थोडक्यात लिहितो कारण ते तू शिकशीलच. प्रगती म्हटलं की लोकांना बोस्टन लंडन आठवतं, पण थुंकीतून एक दोन तासांत टीबी आणि रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही ते सांगणारं ते बॅटरीवरचं ट्रूनॅट मशीन आपल्या वेर्ण्याच्या कंपनीचं आहे, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. आणि रेझिस्टंट टीबीला पूर्वी दीड दोन वर्षं गोळ्या, वर इंजेक्शनं, कान जायचे माणसांचे, आता बेडाक्विलिनवाल्या नव्या कोर्समध्ये सहा महिने. हे मी डोळ्यांनी बघितलं हे माझं नशीब. फक्त एक, टीबी बरा झाला म्हणून फाइल बंद करू नको. जंतू गेला तरी व्रण राहतात, श्वासनळ्या वेड्यावाकड्या होतात, आणि तो माणूस दोन वर्षांनी धापा टाकत येतो तेव्हा त्याला कुणीतरी परत टीबीच्या गोळ्या चालू करतं, थुंकी न बघताच. थुंकी आधी बघ, साफ असेल तर माझ्यासारख्याकडे फुंकायला पाठव. उलटं नको, चालू टीबीवाला खोलीत फुंकला तर पुढचे सगळे त्याच हवेत.

पंपाचं पण तसंच. नवनवीन इंजेक्शनं निघालीत दम्याला, बायोलॉजिक म्हणतात, लाखाच्या घरात जातात काही. लिहून द्यायच्या आधी पेशंटला त्याचा पंप तुझ्यासमोर घ्यायला सांग. रोटाकॅपची कॅप्सूल, जी पंपात घालून श्वासानं ओढायची असते, ती पाण्याबरोबर गिळणारे मी एक दोन नाही, कित्येक बघितलेत. एक मास्तर तर तीन वर्षं गिळत होते, आणि म्हणायचे औषध एकदम सौम्य आहे.

आता थोडं अवघड लिहितो. तुला थीसिस असेल. एका ठिकाणी, नाव सोड, एक हुशार मुलगा माझ्याकडे संध्याकाळी आला, थीसिसला साठ पेशंट पाहिजे होते, झालेले त्रेचाळीस, आणि त्यातल्या नऊ जणांच्या फुंका जुळतच नव्हत्या. म्हणाला काका, तुम्ही एवढी वर्षं करताय, तुम्हाला कळतं किती यायला पाहिजे होतं, जरा ॲडजस्ट करा. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी वरून बोलणी बसली, सहकार्य करत नाही म्हणून. तो मुलगा वाईट नव्हता, तारीख जवळ आलेली, गाइडला वेळ नव्हता. पण मग तू मला सांग, ९४ मिलिलिटरच्या फरकावर जिथे औषध उभं राहतं तिथे एका पीएफटीवाल्यानं प्रेमापोटी नऊ जणांना शंभर शंभर वाढवून दिले तर काय उरलं? तुझ्यावर ती वेळ आली तर त्रेचाळीस लिही. नऊ जणांना का जमलं नाही ते पण लिही, वय होतं का, खोकला होता का, भाषा कळली नाही का. मला विचारशील तर त्या नऊ जणांवरच खरा थीसिस झाला असता.

बाकी झोप घेत जा, डब्याला आईला रोज त्रास देऊ नको, आणि एन नाइंटी फाइव्ह गळ्यात लटकवून फिरू नको, तोंडावर लाव.

जॉइन झालीस की पहिल्या आठवड्यात पीएफटीच्या खोलीत जाऊन स्वतः एकदा फुंक, आठही वेळा, म्हणजे म्हाताऱ्यांना ‘अजून जोरात’ म्हणताना कळेल आपण काय मागतोय ते. डोकं हलकं होतं, बसूनच फुंक. तिथे जो कोण असेल त्याला सिरिंज कधी मारता विचार, तो खूश होईल, कुणी विचारत नाही. तुझा एफव्हीसी मला कळव, आणि उंची बूट काढून.

तुझा,
काका