आयटीआय करून टर्नर होणाऱ्या पोराला एआयमुळं काम उरेल का?

तुम्ही विचारलंय, दहावी झालेल्या धाकट्या भावाला आयटीआयला टर्नर किंवा मशिनिस्टला (मशीनवर धातू कापून भाग घडवायच्या कामाला) घालावं का, की पाच-दहा वर्षांत रोबो आणि एआय ही कामं घेऊन टाकतील. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आधी मशीन शॉपमध्ये आणि नंतर फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला काम केलंय. माझं उत्तर: घाला. मात्र तो कुठल्या कारखान्यात आणि कुणाच्या हाताखाली शिकतो, यावर पुढचं सगळं ठरणार आहे.

सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशीन, आली तेव्हा काय झालं ते आधी बघा. साध्या लेथवरचा टर्नर ड्रॉइंग वाचायचा, टूल स्वतः घासायचा, जॉब (घडवायचा भाग) पकडायचा, मायक्रोमीटर लावून शेवटचा कट किती घ्यायचा ते ठरवायचा. सीएनसीनं या कामाचे दोन तुकडे केले. प्रोग्रॅम, टूल, ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) बघणारा सेटर एखादाच, आणि जॉब चढवून, बटण दाबून, जॉब उतरवणारे ऑपरेटर अनेक. सेटरला मान आणि पगार मिळाला. ऑपरेटर थोड्या दिवसांत तयार होतो, म्हणून थोड्या दिवसांत बदलताही येतो. बऱ्याच ठिकाणी तो ठेकेदाराच्या हजेरीवर असतो. एआयचा पहिला फटका यालाच बसणार.

फाउंड्रीत हे आणखी नीट दिसतं. वाळूचे साचे करणारा जुना मोल्डर वाळू मुठीत दाबतो, गोळा मोडून बघतो आणि पाणी जास्त झालंय का ते सांगतो. पाणी जास्त झालं की तापलेल्या धातूनं वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये (ओतून झालेल्या भागात) ब्लो होल, म्हणजे वायूचं भोक. कमी झालं की साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळू धातूत जाते. आता वाळूचा ओलावा मोजणारे सेन्सर मिक्सरवरच बसतात, धातूचं रसायन स्पेक्ट्रोमीटर सांगतो. त्या नोंदी, ओततानाचं तापमान आणि कुठल्या हीटला (एका वेळच्या वितळणीला) किती रिजेक्शन झालं हे सगळं जोडलं, तर धोका कुठं आहे ते एआय आधी सांगू शकतो. एकच जॉब हजारोंनी काढणाऱ्या फाउंड्रीत हे चालेल, आणि चालावं. रिजेक्ट झालेलं कास्टिंग पुन्हा वितळवायचं म्हणजे विजेचं बिल पुन्हा भरायचं.

पण आपल्याकडं जॉबिंग फाउंड्र्या भरपूर. आज पंपाच्या केसिंगचे थोडे नग, उद्या दुसराच पॅटर्न. रजिस्टरमध्ये रिजेक्शनचं कारण म्हणून नुसतं ‘वाळू’ लिहिलेलं. एवढ्यावर एआय काय शिकणार? तिथं कास्टिंग फोडून बघणारा माणूस लागतो. भोकाची आतली बाजू गुळगुळीत असेल तर बहुतेक वेळा वायू अडकलेला असतो, खडबडीत असेल तर आकुंचन. पहिल्याला वाळू, कोअर (आतल्या पोकळीचा वाळूचा गाभा) आणि व्हेंट (वायूची वाट) बघायचे, दुसऱ्याला रायझर, म्हणजे धातू आकसताना भर घालणारा साठा.

फेटलिंग, म्हणजे कास्टिंगवरचा जादा धातू घासून काढायचं काम, मात्र रोबोनं लवकर न्यावं असं मला मनापासून वाटतं. दिवसभर ग्राइंडर धरायचा, हाताला कंप, कानात आवाज आणि छातीत सिलिकाची धूळ. सिलिकोसिसनं खराब झालेलं फुप्फुस पुन्हा नीट होत नाही. हे काम बरेचदा बाहेरच्या राज्यांतून आलेली पोरं करतात. रोबो आला की त्यांना दुसरं काम शिकवायची जबाबदारी मालकाची आहे, आणि ते आपण स्थानिकांनीही बोललं पाहिजे.

माझी काळजी शिकण्याची आहे. आजचे चांगले मिस्त्री हेल्पर म्हणून लागले, गेज लावत, खराब जॉब वेगळे काढत, शिव्या खात शिकले. कॅमेरा आणि रोबो नेमकी हीच खालची कामं घेणार. मग दहा वर्षांनी मशीननं चुकीचा निकाल दिला, तर तो चुकीचा आहे हे ओळखणारा कुठून आणायचा? मालक लोक यावर फार कमी बोलतात.

म्हणून भावाला टूल अँड डाय मेकरला प्रवेश मिळत असेल तर तो आधी घ्या, नाहीतर टर्नर, मशिनिस्ट ठीकच. साध्या लेथवरचं काम कंटाळवाणं म्हणून टाळू देऊ नका. नुसत्या प्रोग्रॅमिंगच्या क्लासवर पैसे घालू नका. साध्या जॉबचा प्रोग्रॅम एआय आताच लिहून देतो. पण पातळ भिंतीचं कास्टिंग चकमध्ये (मशीनच्या पकडीत) जास्त आवळलं, तर बोअर (आतलं भोक) मशीनवर गोल दिसतो आणि जॉब सोडला की वाकडा होतो. हे त्या प्रोग्रॅममध्ये नसतं. फिक्श्चर (जॉब बसवायचा साचा), पकड, मोजमाप आणि टूलची झीज, यावर त्याचा हात बसू द्या.

आयटीआय झाल्यावर १९६१ च्या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी पूर्ण करू द्या, मध्येच हजार-दोन हजार जास्त मिळतात म्हणून ठेकेदाराकडं जाऊ देऊ नका. कारखान्यात भेटायला गेला की दोन गोष्टी विचारायला सांगा: सेटिंगला किती दिवसांनी घेता, आणि जॉब रिजेक्ट झाला तर कारण शोधायला पोरांना बसवता का. दोन्हीला नीट उत्तर मिळालं, तर पगार थोडा कमी असला तरी तिथंच लागू दे.